पळस्प्याच्या मॅटवरचा बिनू

बिनू गेल्याची बातमी मला समुद्रापलीकडून आली. पनवेलात आमची घरं इतकी जवळ, की त्याच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे माझ्या जिन्याच्या खिडकीतून दिसायचे. तरीही त्या सकाळी फोन वाजला तो इस्रायलहून, त्याच्या मुलीचा, एस्तेरचा. शेजाऱ्यांनी आधी तिला कळवलं होतं. "काका, पप्पा उठत नाहीयेत म्हणतात... तुम्ही जाऊन बघता का?" मी गेलो. बिनू कुशीवर निजला होता, गुडघे थोडे पोटाशी घेऊन. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं. त्याच दुपारी त्याला दफन केलं, ज्यूंच्यात फार थांबत नाहीत. एस्तेर पोचेपर्यंत माती सुकायला लागली होती.

घरी प्रार्थना झाल्यावर तिने सगळ्यांदेखत माझा हात धरला आणि म्हणाली, "काका, तुम्ही त्या जिजुत्सूच्या कुस्तीचं वेळेवर कळवलंत म्हणून मी त्यांना थांबवू तरी शकले. नाहीतर तिथेच काहीतरी झालं असतं." खोलीतल्या माना हलल्या. कुणीतरी म्हणालं, "आतून मार लागलेला असणार, तो कळत नाही. नंतर दगा देतो." मी समोरच्या ताटलीतला खजूर उचलला आणि खाल्ला. आता काही आठवडे उलटले आहेत. पळस्प्याला ज्या इमारतीत तो क्लास चालतो, तिथल्या रहिवाशांनी क्लास बंद करायचं मनावर घेतलं आहे, आणि कारण म्हणून बिनूचं नाव पुढे केलं जातं. 'तो म्हातारा गेला ना इथे येऊन...' मी त्यांच्या मीटिंगला जाऊन सांगितलं की असं झालेलं नाही. सेक्रेटरी म्हणाले, "काका, मग तसं लिहून द्या." लिहूनच द्यायचं तर सगळंच लिहावं, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहावं, म्हणून हा लेख.

बिन्यामीन आपटेकर, आमचा बिनू. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंचं घर, मूळ आपट्याचं. पाताळगंगेत पोहायला शिकलेला. आम्ही दोघं एकाच सरकारी कचेरीत, तो आराखडे काढणारा आणि मी ते फायलीला लावणारा. त्याचे नातेवाईक एकेक करून इस्रायलला गेले, मुलगीही गेली. बायको रूबी वारल्यावर एस्तेर त्यालाही घेऊन गेली होती, पण सहा महिन्यांत परत आला. "तिथे सगळं छान आहे रे," म्हणाला, "पण भांडायला मराठी माणूस नाही." मग आमच्या संध्याकाळी ठरून गेल्या. तळ्याला फेरी, नंतर ठरलेल्या बाकावर बसणं, तो बोलायचा आणि मी खोडून काढायचो. शुक्रवारी मात्र दिवा लावायला तो अंधार पडायच्या आत घरी. मीही विधुर. त्या फेरीवर माझा अख्खा दिवस टांगलेला असायचा, हे त्याला कधी सांगितलं नाही.

एकदा तो स्कूटर दुरुस्तीला पळस्प्याला गेला. गॅरेजच्या वरच्या गाळ्यातून धप् धप् आवाज येत होते. मेकॅनिकला वेळ लागणार होता, म्हणून हा जिना चढून वर गेला. वर निळ्या मॅट अंथरलेल्या, आणि जाड पांढऱ्या कपड्यांतली माणसं एकमेकांना धरून लोळत होती. शिकवणारा हेमंत, इथल्याच गावातला, आगरी. "काका, वाट चुकलात का?" त्याने विचारलं. बिनू म्हणाला, "नाही. मला पण लोळायचंय." हेमंत हसला, मग त्याच्या तोंडाकडे बघून हसायचा थांबला. आधी डॉक्टरची चिठ्ठी आणायला लावली, आणि पुढे कितीतरी दिवस फक्त पडायचं कसं आणि उठायचं कसं एवढंच शिकवलं.

दुसऱ्या दिवशी तळ्यावर बिनूचे डोळे लहान मुलासारखे झाले होते. "अरे, तिथे एक चाल आहे. पाठीवर पडायचं, कंबर मागे फेकायची, आणि समोरच्याच्या खालून सरकत निघायचं. तिला कोलंबी म्हणतात. आमच्यात कोलंबी चालत नाही, आयुष्यात कधी तोंडात घातली नाही. आता सत्तरीत मीच कोलंबी झालो!" आणि भर रस्त्यात तो इतका हसला, की भेळवाल्याने वळून पाहिलं.

त्यानंतर आठवड्यातल्या निम्म्या संध्याकाळी तो पळस्प्याला आणि मी बाकावर एकटा. एकदा मी जरा तिखटपणेच विचारलं, "एवढी काय मजा येते रे तुला, पोरांच्या अंगाखाली चिरडून घेण्यात?" तो तळ्याकडे बघत सावकाश बोलला, जणू झोपेतून. "एक म्हणजे, तेवढा वेळ दुसरं काही आठवतच नाही. समोरच्याचा हात कुठे आहे, वजन कुठे आहे, एवढंच. बाकी सगळं जग विझतं... आणि दुसरं, तिथे हरणं किती सोपं आहे! जमेनासं झालं की हाताने दोनदा थोपटायचं. थोपटलं रे थोपटलं, की समोरचा सोडतो. लगेच. कुणी विचारत नाही का, कुणी हसत नाही. परत हात मिळवायचा, परत सुरू. जगात दुसरीकडे कुठे असं सोडतात?" मग, माझ्याकडे न बघता, तो म्हणाला, "आणि खरं सांगू का? रूबी गेल्यापासून मला कुणी हात लावत नाही रे. न्हावी सोडला तर."

मी एकदा बघायला गेलो होतो. चपला हातात घेऊन भिंतीशी बसलो. पश्चिमेच्या खिडकीतून पिवळं ऊन तिरपं येऊन मॅटवर पडलं होतं. खालून गोव्याच्या रस्त्याला वळणाऱ्या ट्रकांची घरघर जमिनीतून वर चढत होती, आणि ती ऐकत राहिलं की लांबच्या समुद्रासारखी वाटायची. मला वाटलं होतं मारामारी असेल. पण ती माणसं पाण्याखाली असल्यासारखी हळू हलत होती. एकाचा पाय दुसऱ्याच्या कमरेभोवती, कुणाचं कपाळ कुणाच्या खांद्यावर टेकलेलं, आणि सगळीकडे नुसते श्वास. बिनू सायली नावाच्या मुलीबरोबर होता. ती इथल्याच बँकेत नोकरीला. तिने त्याला खाली घेतलं होतं, आणि तिच्या वजनाखाली त्याचे डोळे मिटलेले, चेहऱ्यावर असं काही, जे मी त्याच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. जणू कुणीतरी त्याला खूप लांबून घरी आणलं होतं. त्याने थोपटलं. तिने सोडलं. "काका, आज मान उघडी टाकलीत," ती म्हणाली. "तुला लाच दिली, बँकेच्या रांगेत पुढे घे म्हणून," हा म्हणाला. शेवटी सगळेच पाठीवर पडून राहिले, वरचा पंखा बघत. मी भिंतीशी बसून होतो. त्या निळ्या चौकोनाचा मला मत्सर वाटला. माणसाचा नव्हे, जागेचा.

पुढच्या महिन्यात त्याचं बोट मुरगळलं, त्याला चिकटपट्टी लावलेली होती. कानही जरा लाल होता. एवढंच. त्या रात्री मी एस्तेरला फोन केला. बोट मोडलं आहे म्हणालो. तरणी पोरं त्याच्या छातीवर बसतात म्हणालो. "मी त्याला रोज सांगतो, ऐकत नाही, आता तूच बघ." यातलं 'आता तूच बघ' एवढंच मनापासून होतं. ती रडली. तिने त्याला आईची शपथ घातली, आणि त्याने जाणं सोडलं.

संध्याकाळी तो तळ्यावर आला. "एस्तेरला कुणीतरी सांगितलं," म्हणाला आणि माझ्याकडे पाहिलं. मी पाण्यातल्या शेवाळाकडे. "असू दे," तो म्हणाला. "चल, फेरी मारू." मग रोज आला, शेवटपर्यंत. चार महिने. पण मी काही म्हणालो की 'बरोबर आहे तुझं' म्हणायचा. तीस-पस्तीस वर्षं भांडलेला माणूस! मला हवी होती ती संध्याकाळ मी परत मिळवली होती आणि तिच्यात बसायला कुणी नव्हतं. मॅटवर नुसतं थोपटलं की सोडतात, असं तो म्हणाला होता. त्या चार महिन्यांत तो माझ्यासमोर रोज थोपटत होता, मला वाटतं. मी सोडलं नाही.

तर लिहून देतो: बिनू आपटेकर क्लासमुळे गेला नाही. त्याला तिथे कसलीही मोठी दुखापत झाली नव्हती. जायच्या आधी चार महिने तो तिथे पाऊलही टाकू शकला नव्हता, आणि ते माझ्यामुळे. एस्तेरला मी हे गेल्या आठवड्यात फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "पप्पांना माहीत होतं, तुम्हीच फोन केलात ते?" मी म्हणालो, बहुतेक. "मग मला का नाही बोलले ते?" तिने फोन ठेवला. अजून केलेला नाही. इमारतीतल्या लोकांनी आवाजावरून, पार्किंगवरून, हवं त्यावरून क्लासचं काय ते ठरवावं. बिनूच्या मरणावरून ठरवू नये.

काल मी पळस्प्याला गेलो. हेमंतला सगळं सांगितलं, उभ्यानेच. तो मॅट पुसत होता. फडकं पिळून बादलीत टाकलं आणि म्हणाला, "आमाला म्हाईत हाय काका. बिनूकाका शेवटचं आलं तवा बोलले. म्हणले, दोस्त एकटा पडला म्हणून केलान त्यानं, मनावर घेऊ नका. थोडं दिवस जाऊ दे, त्यालाच घेऊन येतो." मी खाली बसलो. तो पुढे म्हणाला, "चा घेता?" त्याने दिलेला कप मी दोन्ही हातांनी धरला.

लोक येऊ लागले. त्यांच्या जोड्या लागल्या, आणि मी पाहिलं की सुरू करण्याआधी प्रत्येक जण समोरच्याची कॉलर दोन्ही हातांनी ओढून सरळ करतो, शाळेत निघालेल्या पोराची करावी तशी. मी हेमंतला विचारलं, ही तुमच्या जिजुत्सूची रीत का? "नाय नाय, असं कुठंच नाय करत," तो म्हणाला. "बिनूकाकांची सवय ती. धरायच्या आधी समोरच्याला नीटनेटका करायचे. आता सगळेच करतात, नवीन आलेले पण. त्यांना ठाव पण नाय कुणाची ते."

सायली माझ्यासमोर येऊन गुडघ्यांवर बसली. तिला मी कोण, काय केलं, सगळं माहीत होतं, ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं. मी मान खाली घातली. तिने हात पुढे केले, माझ्या सदऱ्याची कॉलर दोन्ही बाजूंनी धरली आणि हळूच सरळ केली. हात तिथेच राहू दिले थोडा वेळ... "या काका," ती म्हणाली. "आधी पडायला शिकू."