हिलमनची पुढची काच

रुपराव सकाळपासून दुसरीच कामं काढून बसला होता. गेल्या दिवाळीत त्याच्या हातून एका गाडीची पुढची काच तडकली, तेव्हा गॅरेजमालक भैय्याजींनी सगळ्यांदेखत सुनावलं होतं, "अजून एक फुटली, का तू आपला रस्ता धर गा." आणि आज समोर उभी होती धरमपेठेतल्या कुसुमताईंची जुनी हिलमन गाडी. पुढच्या काचेभोवतीच्या रबराला चिरा पडलेल्या, पावसाळ्यात पाणी थेट मांडीवर. नवं रबर कसंबसं मिळालं होतं. पण काच फुटली तर तशी दुसरी अख्ख्या नागपुरात मिळणार नव्हती.

त्यात जानेवारीची थंडी. रबर ताठ झालेलं. रुपरावानं ते गरम पाण्यात भिजवलं, काचेभोवती चढवलं, खाचेत दोरी घातली, साबणाचं पाणी लावलं. बाहेरून भैय्याजी काच दाबून धरणार, आत बसून रुपराव दोरी ओढणार; दोरी निघेल तशी रबराची कड पत्र्यावर चढत येते. खालची बाजू बसली. वरच्या कोपऱ्याशी दोरी अडली आणि त्याचे हात जे कडक झाले, ते काही केल्या सैल होईनात. उघड्या दाराशी कुसुमताई टक लावून उभ्या. मेल्या काचेचं काय, तिला फुटायला निमित्तच हवं असतं.

"ताई," तो एकदम बोलून गेला, "माहेर कोणतं जी तुमचं?"

"माझं?" त्या गडबडल्या. "कळमेश्वरचं."

"विहीर होती घरी?"

"होती ना! एकदा मी पडले होते तिच्यात." मग काय, त्या सांगतच सुटल्या. सुटलेली बादली, उडी मारणारा चुलतभाऊ, वर आल्यावर आईनं दिलेला मार. रुपराव हं हं करत राहिला. दोरी बोटभर सरकली, मग आणखी थोडी.

"काच बसवून राहिला का सोयरीक जमवून राहिला गा?" भैय्याजी बाहेरून ओरडले.

कोपरा वळला. दोरीचं टोक हातात आलं. रुपरावानं काचेवरून तळवा फिरवला; कुठंही तडा नव्हता.

"हे माहेर कुठून काढलंत मध्येच?" कुसुमताईंनी हसत विचारलं.

इतकी वर्षं त्यानं ही गोष्ट गॅरेजात दडवून ठेवली होती. इथं कुणाचा हात जरा कचरला की "बांगड्या भर जा" म्हणून सगळे त्या माणसाचा जीव नकोसा करत. तेव्हा रुपरावही त्यांच्याबरोबर हसायचा, आणि घरी गेल्यावर त्याला मायकडं बघवत नसे.

"माझी माय बांगड्या भरते, ताई," तो म्हणाला. भैय्याजी काचेपलीकडून ऐकत होते, तरी म्हणाला. "बाई भ्याली का हात कडक होते, मंग बांगडी फुटते. म्हणून माय तिले माहेरचं पुसते. मिशा फुटेपर्यंत मी बी बायांच्या हातात भरल्या."

"पण मी कुठं भ्याले होते?"

"तुम्ही नाही जी," रुपराव म्हणाला. "मी भ्यालो होतो."