मेलेल्या मांजराचं वाढतं वजन

पनवेलच्या आमच्या विज्ञान मंडळाच्या खोलीत झाडू क्वचितच फिरतो, म्हणून धूळ साचते आणि किस्सेही! मेंबर चार: तीन रिटायर्ड आणि एक मी, सेकंड इयरला बीएस्सी सोडलेला. इस्टेट एकच: हजारो वर्षांपूर्वी संपलेल्या, लांब सुळ्यांच्या महामांजराच्या मांडीच्या हाडाची प्लास्टरची नक्कल.

*

अध्यक्ष जोशी सर आधी कवटीचा फोटो बघून वजन काढायचे. "एवढं डोकं? चारशे किलो!"

"सर, हेल्मेट बघून माणसाचं वजन सांगता का?"

"आधी डिग्री घे, मग बोल."

*

मासळी बाजारात उरणच्या हिरामावशीला विचारलं, "डोकं बघून घोळ माशाचं वजन सांगशील?"

"डोक्यावरून नाय सांगत आमी. डोकं सगल्यांचंच मोठं दिसतं. तुज्या सरांचं पन!"

सरांना हे जसंच्या तसं सांगितलं. आठवडाभर बोलले नाहीत.

*

शेवटी सर हाडावर आले. वजन पेलतं ते हाड, म्हणून त्याचा घेर मोजायचा आणि त्यावरून वजन काढायचं. शिंप्याची टेप आणली. पहिल्या वर्षी सव्वादोनशे किलो. दुसऱ्या वर्षी अडीचशे. यंदा पावणेतीनशे!

मेलेलं जनावर पनवेलला येऊन जाड होतंय, आणि तिन्ही म्हाताऱ्यांना काही वाटत नाही. खजिनदार काका म्हणाले, "इथलं पाणीच तसं आहे."

*

कारण माझ्या डोळ्यांसमोर होतं. दर प्रदर्शनाआधी सर त्या हाडाला ऑइलपेंटचे दोन-तीन हात मारतात. पॉलिशपेपर घेतला आणि सगळ्यांसमोर घासलं. तपकिरी निघाला, पिवळा निघाला, खाली पांढरं प्लास्टर. मोजलं. सव्वादोनशे!

"प्रदर्शनाच्या बोर्डावर हाच आकडा लिहा," मी म्हणालो. कॉलेज सोडल्यापासून माझं एकही उत्तर कुणी बरोबर म्हटलं नव्हतं. हे तरी म्हणा, एवढंच!

सरांनी हाड काखोटीला मारलं. "रविवारी प्रदर्शनात लोकांसमोर मोज. येईल ते लिहू."

*

रविवारी हॉल भरला. बोर्डावर आकड्याची जागा कोरी. हाड टेबलावर, नव्या नवरीसारखं चकचकीत. सरांची बोटं तपकिरी.

"घे, मोज," सर म्हणाले.

मी टेप गुंडाळली. आकडा वाचला. टेप सोडवायला गेलो, तर ती हाडालाच चिकटलेली.

"ओढू नकोस!" सर ओरडले. "रंग निघेल!"