भामाची कोलंबी

आमच्या भामाशी मासळीचा भाव करायचा म्हणजे वाघाच्या तोंडात हात घालायचा. "ताजी नाय वाटत? मंग घरी जा नि भेंडी खा!" असं गिऱ्हाइकाला भर बाजारात सुनावणारी बाई. पण कुणाच्या घरी आजारपण असलं की ओट्यावर गुपचूप चार बोंबील ठेवून जाणारीही तीच. पनवेलच्या बाजारातली तिची जागा सासूपासूनची.

परवा गावातल्या कुंदनच्या पोराची हळद झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धा गाव जुलाब-उलट्यांनी आडवा. जेवणातली कोलंबी भामाची. झालं! कुंदन दवाखान्याच्या दारातच गरजला, "हिची पाटी पुन्ना बाजारात दिसली तर खाडीत फेकीन!" लोक माना डोलवत होते. मी गावची आशा सेविका, त्यात तोंडाची फटकळ. माझं डोकंच फिरलं. भामा मात्र भिंतीला टेकून आत बघत होती. आत तिचा मोठा भाऊ दिनानाथ सलाईनवर होता आणि त्याचा रक्तदाब काही केल्या वर येत नव्हता.

तेवढ्यात डॉक्टर समीक्षा बाहेर आल्या. "कोलंबी खाल्ली आणि मग आजारी पडले, एवढ्यावरून कोलंबीला दोष देता येत नाही. कोलंबी न खाता कुणी आजारी पडलंय?"

"पडलंय की!" मी ओरडलेच. "दिनानाथदादा माळकरी, मासळीला शिवतही नाही. आतले बाकीचे माळकरीही तसेच. आणि आमचे हे कोलंबी हादडून घरी ठणठणीत बसलेत!"

"मग माळकऱ्यांनी असं काय घेतलं, जे तुमच्या मिस्टरांनी घेतलं नाही?"

"सरबत. आमच्या ह्यांची बाटली वेगळी असते."

कुणीतरी फिसकन हसलं. कुंदनचा चेहरा पडला. सरबत त्याच्याच घरचं होतं.

"पाणी तपासायला पाठवू," डॉक्टर म्हणाल्या. "त्यात बर्फ होता?"

"व्हता. आमचा संपला, मंग कोनीतरी आनून टाकला," कुंदन पुटपुटला. कुणी ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी भामाचा हात ओढला. "चल बाई, सुटलीस!"

ती जागची हलली नाही.

"बरफ मी दिला, डॉक्टरीनबाई. कोलंबीच्या पेटीतला. धुऊन दिला, म्हनलं काय व्हतंय." तिनं आतल्या खाटेकडे बोट केलं. "दादाला लय उकडत व्हतं. त्याच्या पेल्यात मूठभर जास्तच टाकला, माज्या हातानं."