डाव्या पायाचा ब्रेक

आमच्या घरी स्कूटर आली तेव्हा तिचे तीन संसार होऊन गेले होते. पहिला मालक अंबडचा एक कारकून, दुसरा खताचा दुकानदार आणि तिसरा माझ्या धाकट्या भावाचा मित्र. तिघांनीही तिला मनसोक्त वापरलं होतं आणि एकानंही तिच्याकडं ढुंकून पाहिलं नव्हतं. सकाळी तिला एका अंगावर आडवी करून पेट्रोल चढवायचं, मग किका मारायच्या, नाही झाली चालू तर पुन्हा आडवी करायची. ही कसरत रोज भाऊ करायचा. मी शाळेची पिशवी घेऊन बाजूला उभा राहायचो आणि त्याला सूचना द्यायचो. सूचना देण्यात आम्हा शिक्षकांचा हात कुणी धरणार नाही.

मी दोन वर्षांचा असताना पोलिओनं माझा उजवा पाय गेला. पाय आहे, पण नावापुरता. उजव्या मांडीवर हात दाबून मी चालतो. माझी जिल्हा परिषदेची शाळा आमच्या वडीगोद्रीपासून आत अकरा किलोमीटर होती. एसटी सकाळी एकच, आणि ती शाळेची घंटा होऊन गेल्यावर पोचायची. त्यामुळं सकाळी भाऊ मला सोडायचा आणि संध्याकाळी न्यायला यायचा. हे चार वर्षं चाललं. ही नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट.

मग भावाला जालन्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात नोकरी लागली. तिथंच खोली घेऊन राहायचं होतं आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी हजर व्हायचं होतं. ही गोष्ट त्यानं घरात सांगितलीच नाही. कपाटातल्या कागदांत मला नेमणुकीचं पत्र सापडलं. विचारलं तर म्हणाला, “मी न्हाई जात, दादा. तुझी शाळा कशी व्हईल?”

मला एवढा संताप आला की मी ताटावरून उठलो. उठायलाही मला वेळ लागतो, त्यामुळं रागाचा अर्धा भर तिथंच ओसरला, पण उरलेला पुरेसा होता. तो बारावी पास होऊन चार वर्षं माझ्या शाळेच्या घंटेवर जगत होता. त्याचं वय चोवीस. आता माझ्या पायापायी त्याची नोकरी जाणार आणि तो एका शब्दानं तक्रार करणार नाही, हे मला सहन होईना. मी म्हणालो, “तू जायचं. स्कूटर मी चालवीन.” माय भाकरी करत होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटायची तशीच ठेवली आणि ती करपली.

आमच्याकडं अठरा दिवस होते.

हायवेच्या कडेला, कालव्याच्या पुलाच्या अलीकडं, पत्र्याच्या शेडात एक मिस्त्री गॅरेज चालवायचे. वय पन्नाशीच्या पुढं. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणायचो. त्यांची एक पद्धत होती. झिजलेला पार्ट काढला की ते तो गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे आणि त्यावरून बोट फिरवायला लावायचे. “बोटाला कळतं, डोळ्याला न्हाई कळत,” असं म्हणायचे. त्या दिवशी त्यांनी आमची स्कूटर उघडली आणि मला तासभर बोट फिरवायला लावलं. मागच्या ब्रेकचे लायनर झिजून नुसतं लोखंड उरलं होतं. क्लचच्या प्लेटा कागदासारख्या झाल्या होत्या. ब्रेकच्या केबलच्या तारा एकेक करून तुटत आल्या होत्या, शेवटच्या तीन-चार तारांवर कारभार चालला होता. पुढच्या ब्रेकची तर नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा अशी गत होती. हँडलमधल्या बेअरिंगच्या गोळ्या काढल्या तर त्या गोल राहिल्याच नव्हत्या. ह्या गाडीवर आम्ही दोघं भाऊ रोज चव्वेचाळीस किलोमीटर जात-येत होतो, म्हणजे मी बावीस आणि तो चव्वेचाळीस. मी चाचांकडं पाहिलं, तर ते म्हणाले, “अल्लाची मेहेरबानी हाय सर, बाकी काही न्हाई.”

हे सगळं बदलायचं ठरलं. मग मूळ प्रश्न आला. स्कूटरचा मागचा ब्रेक उजव्या पायानं दाबायचा असतो, आणि माझा उजवा पाय माशी हाकलायच्या कामाचा नाही. चाचांनी दाढी खाजवली आणि म्हणाले, “मागं दोन बाजूला दोन छोटी चाकं लावून टाकू. गाडी उभी राह्यली तरी पडायची न्हाई. मी एकाला लावून देल्ते.”

“मला लंगड्याची गाडी नको,” मी म्हणालो. जरा मोठ्यानंच म्हणालो. शेजारच्या चहाच्या टपरीवरच्या लोकांनी माना वळवल्या. त्या दोन चाकांची मला मनापासून चीड होती. अशी गाडी लांबून दिसली की माणसं रस्ता सोडून बाजूला होतात आणि चेहरा कणवेचा करतात. तो चेहरा मी बत्तीस वर्षं बघत आलो होतो. बसमध्ये चढताना कुणी न विचारता काखेत हात घालायचं, मी दात आवळून ‘आभारी आहे’ म्हणायचो. रोज चार-पाच वेळा आभार मानावे लागले तर माणसाचं तोंड कडू होतं, हे दोन पायांच्या लोकांना कळायचं नाही. मी तसं बोलूनही दाखवलं.

चाचांनी वाद घातला नाही. “बरं,” म्हणाले, “मंग ब्रेक डाव्या पायाला आणू.”

चार दिवस त्यांनी गाडीवर काम केलं. लायनर, केबल, क्लचप्लेटा, गोळ्या, सगळं नवीन. पायाखालच्या पत्र्यातून एक आडवी सळई घेतली, तिच्या डाव्या टोकाला पायटा लावला. डाव्या पायानं दाबला की ब्रेक लागायचा. मी बसून दाबून पाहिला. लोण्यासारखा लागत होता. मला वाटलं, जिंकलो. भावाची नोकरी वाचली आणि माझी अब्रूही.

पाचव्या दिवशी गाडी न्यायला गेलो तर चाचा स्कूटरवर बसले होते आणि गळ्यातला रुमाल काढून स्वतःचा उजवा पाय बांधत होते. पोटरी मांडीला लावून, रुमालाचे दोन वेढे देऊन, गच्च गाठ. टपरीवरची माणसं हसायला लागली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. शाळेत असताना पोरं माझ्या मागं मांडीवर हात ठेवून तसंच हिंदकळत चालायची, ती सगळी पोरं मला त्या क्षणी दिसली.

“माझी नक्कल करून राह्यले का चाचा?”

ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. गाठ ओढून बघत म्हणाले, “सर, हा ब्रेक दोन पायाच्या माणसानं बनवलाय. एका पायाच्या माणसाला तो कसा लागतो, मला काय ठाऊक? बघून येतो. बसा तुम्ही.” आणि शेजारच्याला किक मारायला लावून ते पुलाकडं निघून गेले.

मी बसलो. माझा राग जागच्या जागी होता, पण त्याला आता काही काम उरलं नव्हतं. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. पुलाचा चढ शेडातून दिसत नाही. मग बघितलं तर दोन माणसं स्कूटर ढकलत आणत होती आणि मागून चाचा, रुमाल हातात, कोपर सोललेलं, पायजमा गुडघ्यावर फाटलेला.

त्यांनी आधी पाणी पिलं. मग मला सांगितलं. पुलाच्या चढावर समोरून उसाची बैलगाडी आली. त्यांनी ब्रेक दाबला, ब्रेक बराबर लागला, गाडी थांबली. थांबली आणि कलली. कललेल्या गाडीला पाय टेकवायचा, तर टेकवायला एकच पाय, आणि तो ब्रेकवर. ब्रेक सोडावा तर चढावरून गाडी मागं येती, हातातला पुढचा ब्रेक एकटा तिला धरत नाही. “एका पायाला दोन कामं आली सर, एकाच टायमाला,” ते म्हणाले. “पडलो.” मग थोडा वेळ त्यांनी रुमालानं कोपर पुसलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, “अन् पडल्यावर उठता येत न्हाई. पाय गाडीखाली, गाठ सोडायला हात पोचंना. रस्त्यात तसाच पडून राह्यलो, ट्रकवाल्यानं उतरून उठवलं. त्याला शुक्रिया म्हणलो, पण लई चीड आली बघा. कामून आली कळंना.”

मला कळत होतं. बत्तीस वर्षांत ही गोष्ट मी कुणाला समजावू शकलो नव्हतो. घरच्यांना नाही, शाळेतल्यांना नाही. आणि हा माणूस स्वतःचा पाय बांधून, पुलावर जाऊन, पडून ती समजून घेऊन आला होता, तेही ब्रेक तपासायच्या निमित्तानं. रडलो नाही. मी शिक्षक होतो आणि टपरीवर दोन पालक बसले होते.

चाकांचा विषय त्यांनी काढला नाही. काढला असता तर मी बहुधा पुन्हा उखडलो असतो, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात तसा. मीच म्हणालो, “चाचा, ती बाजूची चाकं लावा.”

“लावू,” ते म्हणाले आणि लगेच भंगारातली चाकं शोधायला उठले.

चाकं लावल्यावर त्यांनी पुन्हा पाय बांधला आणि पुन्हा पुलावर गेले. ह्या वेळी भाऊ त्यांच्या मागं सायकलवर गेला. त्यानं येऊन सांगितलं की चाचांनी ऐन चढावर गाडी थांबवली, पाय ब्रेकवरून न हलवता तिथंच बसून अख्खी बिडी ओढली. मागं ट्रक हॉर्न देत होता. मजुरी त्यांनी पुरी घेतली, कमी केली नाही, आणि त्याबद्दल मी त्यांचा फार ऋणी आहे. कमी केली असती तर मला ती गाडी चालवताना सुख लागलं नसतं.

उरलेले दिवस मी शिकण्यात घालवले. सीटवर तिरकं बसून डाव्या पायानं किक मारायची, मग वळून सरळ व्हायचं. भाऊ शेजारून धावायचा आणि आता सूचना तो द्यायचा. दोनदा मी गाडी कपाशीत घातली. सोमवारी पहाटेच्या गाडीनं तो जालन्याला गेला. जाताना माझ्या पाया पडला आणि नेमका उजव्या पायाला हात लावून गेला.

ती स्कूटर पुढं अकरा वर्षं चालली. बाजूच्या चाकांच्या आसावरचे बुश दर चार-पाच महिन्यांनी झिजायचे, गाडी एका अंगाला झुकायला लागायची, की मी चाचांकडं जायचो आणि ते झिजलेला बुश माझ्या हातात द्यायचे. लोकांनी तोंडं कणवेची करायची ती केलीच. मी वेगात निघून जायचो, त्यामुळं त्यांना ती फार वेळ धरून ठेवावी लागत नसत.

पण तो पहिला सोमवार सांगायचा राहिला. शाळा सुटली. पोरांनी गाडीभोवती गराडा घातला होता, त्यांना हाकललं आणि एकटा निघालो. ऊस, मोसंबीच्या बागा, मध्ये एक ओढा. कुणाच्या पाठीआडून नव्हे, समोरून रस्ता बघायची मला सवय नव्हती, तो फार रुंद वाटला. वडीगोद्रीत आलो. घराकडं वळायचं होतं. माय दारात बसलेली असणार हे ठाऊक होतं. मी गाडी गॅरेजकडं वळवली.

चाचा हात पुसत पळतच बाहेर आले. “काय झालं सर? ब्रेक?”

“न्हाई.”

“चाक ढिलं झालं?”

“न्हाई चाचा. गाडी बराबर हाय.”

“मंग?”

“काही न्हाई. उगाच आलो.”

त्यांनी टपरीवाल्याला दोन बोटं दाखवली. आयुष्यात तोवर मी जिथं जिथं गेलो होतो, तिथं कुणीतरी मला नेलं होतं, आणि नेणाऱ्याला आधी काम सांगावं लागायचं. उगाच म्हणून कुठं जाण्याची ती माझी पहिली वेळ होती. चहा घेतला, अर्धा तास इकडचं तिकडचं बोलत बसलो, आणि आभार मानायचे राहूनच गेले. ते दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन मानले.