जन्मभर पुरेल असा दगड

आमचं सलून धंतोलीत होतं, दवाखान्यांच्या गल्लीत. बाबा आणि माझा मोठा भाऊ दोघं तिथं बसत. एखाद्या दवाखान्यातून बोलावणं आलं की भाऊ वस्तरा घेऊन ऑपरेशनच्या आधी पेशंटचे केस काढायला जाई. आजारी माणसाची कातडी सैल असते, वस्तरा जरा खरखरला तरी रक्त येतं. म्हणून धारेच्या बाबतीत बाबा फार कडक होते.

साठच्या दशकाच्या शेवटाला बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला. कटिंग ते अजून करत, पण वस्तऱ्याची धार उजेडात धरून पाहणं जमेना. भावाचा हात जड होता. मी मॅट्रिक होऊन घरीच होते, म्हणून एका दुपारी बाबांनी मला समोर बसवून वस्तरा पाजवायला शिकवलं. पातं दगडावर अगदी आडवं ठेवायचं, पाठ आणि धार दोन्ही टेकल्या पाहिजेत. दाबायचं नाही. मला ते लवकर जमलं. मग रोज दुपारी डब्यात घालून वस्तरे घरी येऊ लागले आणि संध्याकाळच्या गिऱ्हाईकाआधी परत जाऊ लागले.

त्याच सुमारास काटोलहून मला स्थळ आलं. मुलाचं बसस्टँडजवळ सलून होतं. तो फारसा बोलला नाही. चहाचा कप त्यानं दोन्ही हातांनी धरला होता, एवढं मला आठवतं. मला तो आवडला होता. त्यांनी होकार कळवला, तेव्हा बाबा म्हणाले, "पोरगी देतो. पन माह्या डोयाचं ऑपरेशन होऊ द्या, तवरोक थांबा."

डॉक्टर म्हणत होते, मोतीबिंदू अजून पिकला नाही, पिकू द्या. म्हणजे तो पिकेपर्यंत मीही थांबायचं. घरात कुणी हे असं बोलून दाखवलं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं.

मग आमचा जुना दगड फुटला. न्हाणीच्या कडेवरून खाली पडून त्याचे दोन तुकडे झाले. बाबा मला घेऊन गांधीबागेकडच्या एका लोखंडी सामानाच्या दुकानात गेले. दुकानदारानं दोन दगड पुढे ठेवले. एक कारखान्यात तयार झालेला, एका बाजूनं भरड, दुसऱ्या बाजूनं बारीक, कडा सुरीनं कापल्यासारख्या सरळ. दुसरा खाणीतला, मळकट हिरवा, एका कोपऱ्याला थोडा उडालेला.

पहिल्यावर बोट ठेवून दुकानदार म्हणाला, "ये ले जाओ. इस पे कोई भी धार लगा लेगा."

त्या 'कोई भी'वर माझा जीव अडकला.

बाबांनी खिशातून वस्तरा काढून माझ्या हातात दिला. मी दोन्ही दगड बोटानं वाजवून पाहिले, कुठं चीर नव्हती. दोन्हींवर पाणी शिंपडलं. कारखान्याच्या दगडानं ते लगेच पिऊन टाकलं, खाणीतल्यावर ते तसंच थांबलं. पहिल्यावर पातं दोन-चारदा फिरवलं तर धार चटकन आली, पण अंगठ्याच्या नखावरून नेली की बारीक करकर लागे. दुसऱ्यावर वेळ लागला. दगड काही करतोय असं वाटतच नव्हतं. मग मात्र पातं नखावरून सरकेना, जिथं टेकवलं तिथंच धरून राहिलं, करकर न करता.

"कोन्ता घ्याचा?" बाबांनी विचारलं.

"कारखान्याचा घेऊ बाबा. भाऊलेबी जमंल त्याच्यावर."

"मी धार विचारून राहिलो वं."

खोटं बोलता आलं असतं, त्यांनी पातं हातात घेऊन पाहिलं नव्हतं. पण दवाखान्यातली ती सैल कातडी माझ्या डोळ्यांपुढे आली.

"धार या दुसऱ्याची," मी म्हटलं.

त्यांनी खाणीतला दगड घेतला. बाहेर आल्यावर खुशीत म्हणाले, "आता चिंता नाही. हा तुले जन्मभर पुरंल."

ते मायेनंच बोलले होते. कापडाचे गठ्ठे घेऊन हमाल आजूबाजूनं जात होते, आणि मी पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून चालत होते.

पुढच्या आठवड्यात भाऊ तसाच एक कारखान्याचा दगड घेऊन घरी आला. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. वहिनीच्या देखत तो दगड माझ्यापुढे ठेवून तो म्हणाला, "मले शिकव. तुह्यं लगन काहून अडून राहावं?"

आम्ही रोज दुपारी बसू लागलो. धार त्याला आली, दाढीपुरती चांगली आली. एक दिवस त्यानं आपण पाजवलेला वस्तरा बाबांना न सांगता डब्यात ठेवला. बाबांनी तो उघडून अंगठ्याला लावला आणि तसाच मिटला.

"हे तिच्या हातचं नोहे," ते म्हणाले. "पेशंटले नेऊ नको."

भावानं तो वस्तरा पुन्हा माझ्यापुढे आणून ठेवला. त्याच्यानं माझ्याकडे पाहवेना. काटोलच्या मुलाचं लग्न त्या उन्हाळ्यात दुसरीकडे झालं. नंतर आलेली स्थळंही थांबून थांबून गेली. मी दुपारी दगडापाशी बसत राहिले. तिथून परसातली भिंत आणि तिच्यावर वाळत घातलेले कपडे दिसत, तेवढंच.

बाबांचं ऑपरेशन झालं तेव्हा वहिनीची मोठी मुलगी शाळेत जात होती. पट्टी सुटली, जाड भिंगाचा चष्मा आला. घरी आल्यावर त्यांनी मला खिडकीजवळ बोलावलं. बराच वेळ पाहत राहिले. मग माझ्या कानापाशी हात नेऊन म्हणाले, "केस पिकले वं तुहे?"

"थोडे," मी म्हटलं.

ते खाटेवर बसून राहिले, जेवायला उठले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून वस्तरे ते स्वतः पाजवू लागले आणि ओळखीपाळखीत माझ्यासाठी विचारू लागले. आली ती सगळी बिजवर माणसं. एकाची मुलगी जवळपास माझ्या वयाची होती.

"राहू द्या बाबा आता," मी सांगितलं. त्यानंतर त्यांनी विचारणं सोडलं.

पुढे अर्ध्या पत्तीचे वस्तरे आले, वापरायचे आणि पत्ती फेकायची. दवाखान्यांनी तेच मागितले. पाजवण्याचं काम घरातून गेलं. माझ्या दुपारी तर त्याआधीच मोकळ्या झाल्या होत्या, आणि मला त्यांचं काय करायचं ते कळेना. सवयीनं मी त्याच भिंतीसमोर जाऊन बसे. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी मला त्यांच्या दवाखान्यात बायकांना ऑपरेशनसाठी तयार करायच्या कामावर ठेवलं. सकाळी डबा घेऊन मी घराबाहेर पडू लागले. पहिल्या दिवशी बाबा कोपऱ्यापर्यंत सोबत आले. रस्ता ओलांडून मी वळून पाहिलं, तर ते चष्मा काढून धोतरानं पुसत उभे होते.