पहिल्या ओळीपुरतं गाणं

सात रस्त्याजवळच्या रुद्रप्पांच्या डीटीपी सेंटरात महेश्वरीचा शब्द चालायचा. मैंदर्गीची ही बाई लग्नपत्रिका नि प्रश्नपत्रिका टाइप करायला इथं लागली. पुढे परदेशातल्या एका ग्रंथालयाचं काम आलं, तेव्हा शिकवणारं कुणी नसताना पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी शिकली. काम तसं विचित्रच. काही शतकांपूर्वीच्या हस्तलिखित गाण्यांचे फोटो यायचे आणि यादीत गाणं ओळखता यावं म्हणून प्रत्येकाची नुसती सुरुवात सॉफ्टवेअरमध्ये जुळवून द्यायची. पहिल्या ओळीचे शब्द संपले की थांबायचं, सूर अधांतरी राहिला तरी. महेश्वरीची ओळ चुकली म्हणून कधी परत आली नाही. गाण्याचं मात्र तिला काडीचंही वेड नव्हतं. कॉम्प्युटरचा आवाज ती बंदच ठेवायची.

मग त्याच कामावर इफ्रा आली. बाप लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा, त्यामुळे पोरगी फोटो बघून गुणगुणायची आणि गुणगुणतच ओळ जुळवून मोकळी व्हायची. रुद्रप्पा हातातलं काम टाकून तिच्या खुर्चीमागे उभे राहायला लागले. झेरॉक्सला आलेली माणसंही रेंगाळायची. इतक्या वर्षांत आपल्या खुर्चीमागे कुणी उभं राहिलं नाही, या विचाराने महेश्वरीच्या पोटात दुखायला लागलं. पोटात दुखणं हा सौम्य शब्द झाला. तिचा नुसता जळफळाट होत होता. पोरीने डबा पुढे केला की 'उपास हाय' म्हणायची, मग वार कोणताही असो.

त्यात ग्रंथालयाचं आणखी मोठं काम येणार होतं आणि ते दोघींपैकी एकीच्याच हाती द्यायचं मालकांनी ठरवलेलं.

एका दुपारी इफ्राच्या फायली चाळताना महेश्वरीला घबाड सापडलं. थांबायचा नियम पोरीला पहिल्याच दिवशी सांगितला होता, पण बँडवाल्याची लेक ती, सूर जागेवर येऊन बसल्याशिवाय तिचा हात थांबेना. सगळ्या ओळी लांबलेल्या. सांगायला कितीसा वेळ लागणार होता? महेश्वरीने फायली बंद केल्या आणि चहा मागवला. तो तिला फार गोड लागला.

इफ्राचं काम गेलं तसं ग्रंथालयाकडून परत आलं. रुद्रप्पांनी कपाळाला हात लावला, मोठं काम महेश्वरीला दिलं आणि इफ्राच्या ओळी छाटायलाही तिलाच बसवलं. इफ्रा शिकायला म्हणून शेजारी खुर्ची ओढून बसली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच महेश्वरीला जास्त खुपलं. ती भराभर स्वर पुसत सुटली.

"अक्का, हितं तोडताना तुमाला कसंतरी होत न्हाय?"

"काय व्हायचंय? शब्द संपले, ओळ संपली."

"पण पुढचं ऐकू येतंय की."

आपल्याला काही ऐकू येत नाही, असं महेश्वरीने तुटकपणे सांगितलं. कधीच नाही.

इफ्रा तिच्याकडे बघत राहिली. "मग तुमाला लई सोपं जात असंल," ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. पोरीला खरंच तसं वाटलं होतं.

महेश्वरीने पुढची ओळ छाटली. मोठं काम मिळालं होतं, पोर हरली होती, आणि तिला त्या पोरीचा पहिल्याहून जास्त हेवा वाटत होता.