दोन डोळ्यांचा तुकडा

गारखेड्यातल्या निवाऱ्यात जाहेदाखाला स्वयंपाक करायच्या, पण त्यांना खरी गोडी होती माणसांची. मनाचा तोल गेलेली, घरच्यांनी टाकलेली एखादी बाई तिथं आली, की पहिला चहा खालांच्या हातचा आणि पहिला प्रश्नही त्यांचाच, "गाव कोणतं गं, बाई?" कुणी सांगायचं, कुणी नाही. खाला वाट बघायच्या.

दिवाळीच्या सुमारास बसस्थानकावर सापडलेल्या एका बाईनं मात्र सहा महिन्यांत स्वतःचं नावही सांगितलं नव्हतं. ती बोलायची दोनच गोष्टी, "डोळे ठेव" आणि "गादीवर, गादीवर." डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, डोळे जाण्याची भीती. मग तिला नेत्रतपासणी शिबिरात नेलं, तर नजर उत्तम निघाली. निवारा सांभाळणाऱ्या रत्नमालाताईंनी तिला नवी गादी आणून दिली. तिनं ती घडी घालून कोपऱ्यात ठेवली आणि फरशीवर झोपली.

आता जागा अपुरी पडत होती. ज्यांचा ठावठिकाणा लागत नाही, अशांना सोमवारी दूरच्या जिल्ह्यातल्या मोठ्या संस्थेत हलवायचं ठरलं. यादीत हिच्या नावाच्या जागी नुसती रेघ होती.

"तिकडं गेल्यावर कोण शोधणार हिला?" खाला म्हणाल्या.

"इथं तरी कोण शोधतंय, खाला?" रत्नमालाताई म्हणाल्या. त्या कठोर नव्हत्या, दमल्या होत्या.

गुरुवारी खाला चहासाठी अद्रक ठेचायला बसल्या, तर त्या बाईनं धावत येऊन बत्ताच धरला. "डोळे ठेव!" गड्डा हातात घेऊन, अंगठ्यानं चाचपत ती तो मोडू लागली. खालांनी निरखून पाहिलं. प्रत्येक तुकड्यावर दोन बारीक उंचवटे होते. त्यांनी तुकडे ओढणीच्या टोकात बांधले आणि थेट बन्सी भाजीवाल्याचा गाडा गाठला. बन्सी मूळचा पिशोरचा, अद्रक पिकवणाऱ्या पट्ट्यातला.

"बन्सीभाऊ, हे काय हाय, बघा जरा."

"अद्रकीचं बेणं. कुणी मोडलं? हात लई मुरलेला हाय. ह्यो डोळा, हितून कोंब फुटतो. दोन डोळे ठेवून तुकडा मोडायचा अन् गादीवर लावायचा."

"गादीवर? झोपायच्या?"

बन्सी इतका हसला की तराजू हलला. "खाला, वावरातली गादी! मातीचा उंच वाफा. तुमी तिला कापसाची दिली का काय?"

"दिली ना बाबा. कव्हरासकट."

परत येऊन खालांनी नेहमीचा प्रश्न विचारलाच नाही. त्या तिच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "बेणं कुणाच्या वावरात मोडायचीस गं?"

काय येडी बाई आहे, अशा नजरेनं तिनं खालांकडं पाहिलं. "कुणाच्या म्हंजी? भावाच्या. कडुबाच्या."

बन्सीनं गावाकडं फोन केले. पिशोरच्या आसपास कडुबा ढीगभर, पण बहीण हरवलेला एकच. शनिवारी तो आला. पन्नाशीचा गडी, टोपी हातात. बहिणीचं नाव आवडाबाई, त्यानं सांगितलं. शहरात दवाखान्याला आणली होती, ती गर्दीत चुकली.

"शोधली का?" खालांनी विचारलं.

"पहिला महिना शोधली." तो खाली बघत होता. "मंग घरात जरा मोकळं वाटाया लागलं. खोटं कशाला बोलू?"

खालांनी त्याच्यापुढं चहा सरकवला. रत्नमालाताईंनी यादीतून ती ओळ काढून टाकली. "लगेच न्यायचं नाही," त्या कडुबाला म्हणाल्या. "औषध चालू आहे. दर शनिवारी या. आधी तिला तुमची सवय होऊ द्या आणि तुम्हाला तिची."

कडुबा अंगणात गेला. आवडाबाई बाकावर बसली होती.

"आक्का, वळखलं का?"

तिनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "तांबडी व्याली का?"

"व्याली. कालवड झाली."

आवडाबाई बाकावर थोडी सरकली. कडुबा बसला.